तेरजेत न आलेली नोंद

आपला पाडा, खर्डी
बुधवार, दुपार

प्रिय रविना,

परवा तुझा फोन आला तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अनिलदाजींच्या फोनवरून बोलत होतीस. फोन स्पीकरवर होता आणि मागे तुझ्या सासूबाई, गीताबाई, काहीतरी पाखडत होत्या, ते मला सुपाच्या आवाजावरून कळत होतं. तू म्हणालीस, "बँकवाले बोलतात, खातं वरून बंद केलंय. बाळंतपणाचे अडतीस हजार अडकले गो." लगेच मागून गीताबाईंचा आवाज आला, "अडकले का आईसकडं पोचले, ते आधी इचार." मग फोन बंद झाला. मी टेकाडावर ऐनाच्या झाडाखाली हातात फोन घेऊन तशीच उभी. गुरं वळायला आलेला धाऊकाका दोनदा विचारून गेला, "काय गो पोरी, बरं नाय काय?"

तर आधी एवढं वाच आणि श्वास घे. तुझे अडतीस हजार कुठेही गेलेले नाहीत, खात्यातच आहेत. तू माहेरी एक पैसा पाठवला नाहीस हे मला माहीत आहे, आणि खातं कशामुळे बंद झालं तेही मला माहीत आहे. सांगते. पण मला जरा मागून यावं लागेल, कारण सरळ तिथूनच सुरुवात केली की हात थांबतो. हे तिसरं पत्र आहे, पहिली दोन चुलीत गेली. फोनवर सांगितलं असतं तर तुझ्याबरोबर सगळ्या घराने ऐकलं असतं, आणि हे आधी तुला एकटीला कळायला हवं. जनीमावशी उद्या पहिल्या एसटीने मुरबाडला लेकीकडे चालली आहे. तिला बजावलंय, पत्र फक्त रविनाच्या हातात द्यायचं. ती म्हणाली, "लगीन ठरलं काय तुझं?" मी हसले. हसणं मला अजून जमतं, बघ.

तुला आपली लाल फाईल आठवते? अकरावीत आपण पाड्यावरच्या पाच पोरी शहापूरच्या कॉलेजात जायला लागलो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी पाचजणींनी भाडं घालून हेलपाटे मारण्यापेक्षा एकीनेच सगळ्यांचे कागद न्यायचे असं ठरलं. ती एक म्हणजे मी, कारण फोन माझ्याकडे होता, बाबांनी दोन बोकड विकून घेतलेला. आधार, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, फोटो आणि प्रत्येकीच्या सहीचे दोन-दोन कोरे कागद. फॉर्म चुकला तर पुन्हा सहीसाठी पाड्यावर कोण येणार? आणि मोबाइल नंबर. तुझ्या घरी तेव्हा फोनच नव्हता. आधार केंद्रातल्या बाईने नंबर विचारला, तू माझ्याकडे बघितलंस, मी माझा सांगून टाकला. बाई म्हणाली, "ही घरातली आहे का?" तू म्हणालीस, "घरातलीच समजा." तेव्हापासून तुझा प्रत्येक मेसेज, प्रत्येक ओटीपी माझ्या फोनवर येतो. शिष्यवृत्ती जमा झाली की मी टेकाडावरून ओरडायचे, "रविने, आली गो!" आणि अख्ख्या पाड्याला तुझी रक्कम कळायची. लग्नानंतर तू नंबर बदलून घेणार होतीस, नावही. शहापूरला एक खेप घालायची होती, ती राहून गेली.

अकाउंट्समध्ये तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. तेव्हा मी कधी कबूल केलं नाही, आता करते. पुस्तकातलं 'घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा' मला काही केल्या उलटंच वाटायचं. देणाऱ्याच्या हातून गेलं, तर त्याचं जमा कसं? तू मला लावणीच्या दिवसांत बांधावर बसून समजावलंस. आमचं आवण, लावणीची रोपं, कमी पडलं होतं आणि तुझ्या आईने आपल्या राबातल्या वीस मुठी दिल्या होत्या. तू चिखलाचा हात हलवत म्हणालीस, "घेतलं तुमी, म्हणून तुमच्या नावे वीस मुठी. दिलं आयेने, म्हणून तिचं जमा. तुमी फेडाल तवर तिचं तुमच्याकडं जमाच राहणार. समजलं का बावळटे?" समजलं. प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात, एका घरात काही आलं म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी घरातून ते गेलेलं असतं. त्या वर्षी मला अकाउंट्समध्ये ब्याऐंशी मार्क पडले आणि मी तुला वडापावसुद्धा दिला नाही.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षानंतर तुझं लग्न झालं आणि तू सरळगावच्या पुढे निघून गेलीस. त्याच वर्षी गणपतीनंतर मी आसनगावला मितेशसरांच्या ऑफिसात लागले. स्टेशनबाहेर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, टॅक्सची कामं. महिना चार हजार, कॉलेज सुटल्यावर तीन तास. तुला मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की मी आता अकाउंटंट झाले. माणूस शिकवायचा झकास, हे आजही म्हणेन. कॉम्प्युटरवर रोजकीर्द कशी लिहायची, खतावणी आपोआप कशी पडते, उचल म्हणजे काय, घसारा कसा काढायचा, जे कॉलेजात फळ्यावर कोरडं वाटायचं ते तिथे खऱ्या बिलांवर कळायला लागलं. बिल हातात असल्याशिवाय ते एक नोंद करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "व्हाउचर नाही तर व्यवहार नाही, मॅडम." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणत होतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

दिवाळीनंतर ते म्हणाले, महिला उद्योजकांसाठी योजना आहे, तुमच्या नावाने एक फर्म काढू, सहा महिन्यांनी अनुदान येतं, फर्म नुसती कागदावर. मी नऊ ठिकाणी सह्या केल्या. त्यांनी पाच हजार रोख दिले आणि कार्डांचा एक डबा. 'कुणाली ट्रेडिंग कंपनी, प्रोप्रायटर.' माझे बाबा, ज्यांना स्वतःची सही कशीबशी येते, ते कार्ड खिशात घालून खर्डीच्या बाजारात चार लोकांना दाखवून आले आणि मग देव्हाऱ्यात ठेवलं. आई रोज त्याच्यावर हळदकुंकू वाहते. अजून वाहते, रविना. मी तिला थांबवू शकत नाही, कारण का ते सांगावं लागेल.

महिनाभराने मी ऑफिसात माझ्याच फर्मचा हिशोब उघडला. लोखंडी भंगाराची विक्री, एका महिन्यात चाळीस लाख. मी लोखंड म्हणून कोयता आणि विळा सोडून कशाला हात लावलेला नाही. माल कुठून आला, कुठे गेला, कुणी उचलला, काही नाही. नुसती बिलं, माझ्या नावाची. खरेदीची बिलंही तसल्याच कुणाकुणाच्या नावांची. मी घाबरत विचारलं. मितेशसर हसले आणि पुस्तकातलंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं, "मॅडम, धंदा वेगळा, मालक वेगळा. शिकलात ना? फर्मचं काय ते फर्मचं. तुमच्या घराशी त्याचा काय संबंध?" आणि मी पुढचं बिल नोंदवायला घेतलं. स्वतंत्र अस्तित्वाची संकल्पना, पान नंबरसकट मला पाठ होती. पुस्तकात छापलेलं खोटं कसं असेल?

संक्रांतीनंतर दर्शनामॅडमनी वर्गात उजळणी घेतली. तुला त्या आठवत असतील, जाड चष्मा, खडूने माखलेला पदर. त्यांनी तेच वाक्य लिहिलं आणि खाली रेघ मारून म्हणाल्या, हिशोबाच्या वहीत धंदा आणि मालक वेगळे. पण धंदा एकट्याच्या नावावर असेल, तर कायद्यापुढे दोघे एकच. धंद्याचं देणं थकलं की वसुली घरातल्या हंड्याकळशीपर्यंत येते. मग विचारलं, याला काय म्हणतात? साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "अमर्यादित जबाबदारी." अगं, अकरावीत आपण चार मार्कांसाठी हे एसटीत बसून गाण्यासारखं म्हणायचो आणि कंडक्टर वैतागायचा. दोन्ही वाक्यं मला पाठ होती, पण ती एकमेकींशेजारी ठेवून मी कधी बघितलीच नव्हती. त्या दिवशी पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते कळलं. आमचं दीड एकराचं खाचर, आईची पुतळ्यांची माळ, बाबांचा वनपट्टा, सगळं माझ्या डोळ्यांपुढे त्या फळ्यावरच्या रेघेखाली येऊन उभं राहिलं.

मी दुसऱ्याच दिवशी मितेशसरांकडे गेले आणि रडून सांगितलं, माझं नाव काढा. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पाणी दिलं, पंखा मोठा केला आणि म्हणाले, निघेल नाव, पण असं सहज निघत नाही, त्याला एक करावं लागतं. काय करावं लागतं ते मी शेवटी लिहिणार आहे. तिथपर्यंत आल्यावर माझ्या हाताने दगा दिला नाही तर. शिमग्याच्या आधी ते झालं आणि माझी फर्म बंद झाल्याचा मेसेज आला. मी त्या दिवशी आईसाठी शहापूरहून जिलेबी आणली. तिला वाटलं, निकाल लागला.

मला वाटलं, संपलं. पण चैत्रापासून फोनवर मेसेज यायला लागले. रिटर्न भरलेलं नाही. खुलासा द्या. मुदत संपत आली. घरात रेंज नाही हे आधी मला दुःख वाटायचं, आता सुख वाटायला लागलं. टेकाडावर गेलं की फोन खिशात थरथरायला लागायचा. मी लाकडं आणायला दुसऱ्या वाटेने जायला लागले. जेठात एका दुपारी आसनगावला गेले तर ऑफिसला कुलूप, पाटी काढलेली, भिंतीवर पाटीच्या जागी नुसता फिकट चौकोन. खालचा पानवाला म्हणाला, "मितेशभाय? वो तो गया. तुम भी गई समझो." चेष्टा केली त्याने. मी लोकल सोडून दिली आणि आटगावपर्यंत रुळांच्या कडेने चालत आले, गाडीत कुणी शेजारी येऊन बसेल याची भीती वाटत होती.

आठ दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तोच, तसाच मऊ. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. कुणी विचारलं तर मला ओळखत नाही म्हणायचं. आणि फॉर्मवर हस्ताक्षर कुणाचं आहे, ते लक्षात आहे ना?" एवढंच. हस्ताक्षर माझं होतं. सगळे फॉर्म मीच भरायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. तेव्हापासून पाड्याच्या वाटेवर जीपचा आवाज आला की मी मागच्या दाराने परसात जाते. एकदा वनखात्याची होती, एकदा लसीकरणाची, एकदा नवरदेवाची. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

आता तुझ्या आईचं सांगते. श्रावणात, भात पोटरीला आलेलं. मी बांधावर गवत काढत होते आणि गुणाबाईमावशी पदराखाली काहीतरी झाकून आली. खाकी पाकीट, वर तुझं माहेरचं नाव, मोठ्या अक्षरांत. पोस्टमनने तिच्याकडे दिलं होतं, आणि तिने दोन दिवस ते कणगीच्या मागे उंदरांपासून जपून ठेवलं होतं. मला म्हणाली, "वाच गो कुणाले. लेकीच्या नावचा सरकारी कागद हाय. तिचं राहिलेलं शिष्यवृत्तीचं आलं का काय? बाळंतपणाला उपेगी पडल." मी पाकीट फोडलं. 'रविना एंटरप्रायझेस, लोखंडी भंगाराचा ठोक व्यापार.' पत्ता भिवंडीतल्या गाळ्याचा. दीड कोटीची विक्री, आणि त्यावर थकलेला कर सत्तावीस लाख. जी पोरगी कोथिंबिरीच्या जुडीचे दोन रुपये कमी करायला लाजायची, तिने दीड कोटीचं लोखंड विकलं होतं. खाली लिहिलं होतं, मुदतीत उत्तर आलं नाही तर या नावाची बँकखाती गोठवली जातील.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "काही नाही मावशी, बँकेचं आहे. नेहमीचं असतं." ती एवढ्या मोठ्याने सुस्कारा सोडून बसली की बस्स. म्हणाली, "मला वाटलं काय बोलावणं आलं. तू होतीस म्हणून बरं हाय गो, नायतर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" जाताना वेलावरच्या दोन काकड्या माझ्या टोपलीत टाकून गेली. त्या मी खाल्ल्या नाहीत, फेकल्याही नाहीत. कोपऱ्यात पिवळ्या पडल्या. पाकीट लाल फाईलमध्ये ठेवलं, मुदतीची तारीख पाठ केली आणि ती निघून जाऊ दिली. एकवीस दिवस, रविना. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते, आणि रोज दुपारी वाटायचं, कदाचित ते विसरतील. सरकार एवढं मोठं, त्यात आपली रविना ती केवढीशी. मग परवा तुझा फोन आला.

काल मी दर्शनामॅडमकडे गेले, शहापूरला, त्यांच्या घरी. सगळं सांगितलं. अर्धं सांगायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि मी पुरं सांगून बसले. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "तेरीज पत्रक कशासाठी करतात?" मला वाटलं, डोकं फिरलं की काय बाईंचं. मी सांगितलं, नावे आणि जमा बाजूंची बेरीज जुळते का बघायला. "जुळली म्हणजे हिशोब बरोबर?" मी नाही म्हणाले. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायचाच राहिला, तर बेरीज बरोबर जुळते आणि चूक मात्र वहीत कुठेच दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "मग तुझी तेरीज सहा महिने कशी जुळत होती ते तुला कळलं. आता जे लिहिलं नाहीस ते लिही." त्यांच्या ओळखीचे एक वकील आहेत. उद्या सकाळी आम्ही तिघं आधी पोलीस ठाण्यात आणि मग कल्याणला कराच्या ऑफिसात जाणार. लाल फाईल, मितेशसरांचे मेसेज, तुझ्या नावाचं पाकीट, सगळं देणार. वकील म्हणाले, ज्या बाईचं नाव वापरलं तिला काही माहीत नव्हतं हे एकदा लेखी आलं, की तिचं खातं सुटायला मार्ग आहे. वेळ लागेल, पण मार्ग आहे. माझं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ते नंतर बघू." ज्या पद्धतीने म्हणाले, ती पद्धत मला रात्रभर आठवत होती. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. ते आत्ता समोर अंगणात विळ्याला धार लावत बसले आहेत, हळवं भात पंधरा दिवसांत कापणीला येईल म्हणून खुशीत आहेत.

तुझ्या पोटातलं कसं आहे ते विचारायचंच राहिलं. फोनवर तू म्हणालीस ना, लाथा मारतंय. मारू दे. सातव्यात मुरबाडच्या खड्ड्यांच्या रस्त्याने बँकेत हेलपाटे घालू नकोस, खातं तुझ्या हेलपाट्यांनी उघडणारं नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी माझ्याकडे सतरा हजार आहेत, त्या ऑफिसातल्या पगाराचे, कामाचे, त्या पाच हजारांशिवायचे. ते पाच हजार मी उद्या फाईलबरोबर पोलिसांकडे देणार आहे. सतरा हजार मॅडमकडे ठेवलेत. घेशील की नाही ते तू हे पत्र संपल्यावर ठरव. आणि दाजींना घेऊन आधी आधार केंद्रात जा, माझा नंबर काढून तुमचा घाल. आजच शक्य असेल तर आजच.

आता ते. शिमग्याच्या आधीचा सोमवार, दुपारचे तीन. मितेशसर म्हणाले, तुमच्या फर्मचा व्यवहार दुसऱ्या फर्मवर नेला की तुमचं नाव सुटतं, एक दुसरं नाव द्या. लाल फाईल माझ्या पिशवीत होती. पाचजणींच्या कागदांतून मी तुझे काढले. तुझेच का, तेही लिहिते: बाकीच्या तिघी रोज पाणवठ्यावर माझ्यासमोर येणार होत्या, तू लांब होतीस. तुझं नाव बदललं होतं, आणि मला वाटलं, माहेरचं नाव आता कोण वापरतंय, पडूनच आहे. तुझ्या सहीचा कोरा कागद दिला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर सहा आकडे आले, तुझ्या आधारचे. मितेशसर पेन घेऊन बसले होते. त्यांनी धमकावलं नाही, हात धरला नाही. मी वाचून दाखवले, एकेक आकडा, सावकाश, त्यांना नीट लिहिता यावा म्हणून. बाईला तू सांगितलं होतंस, घरातलीच समजा. घेणारी मी, देणारी तू, आणि तुला दिल्याचा पत्ताच नाही. हीच ती नोंद, जी मी लिहिली नव्हती. हे पत्र फाडू नकोस, रागाने चुलीत घालू नकोस. हे व्हाउचर आहे, खाली माझी पूर्ण सही आणि तारीख आहे, उद्या तुझ्या वकिलाला लागेल. पण त्याच्याआधी ते गीताबाईंसमोर बसून मोठ्याने वाच, फोन स्पीकरवर होता तसंच, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं. त्यांना कळू दे, की त्यांच्या सुनेने माहेरी काहीच पाठवलेलं नाही. माहेरानेच तिचं नेलं.

तू तोडून टाकेपर्यंत तुझीच,
कुणाली धर्मा वाघ
(सही केली आहे, भाद्रपद वद्य पंचमी, बुधवार)